नंबर तोच, भाव वेगळा

१९०० या क्रमांकावर एक एसएमएस पाठवायचा. आधी इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उत्तरात अंक आणि अक्षरे मिळून आठ खुणांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत हे आता इतके रुळले आहे की रिचार्ज महाग झाल्याची कुरकुर कानावर पडताच दुकानदार सांगतो, "काका, पोर्टचा मेसेज टाकून बघा, त्यांचाच फोन येतो." आणि पुष्कळदा तो येतोही. कालपर्यंत छापील भावाच्या पलीकडे एक शब्द न बोलणाऱ्या कंपनीचा माणूस आज अडचण विचारतो. नेटवर्कची आहे का दराची? मग काही दिवसांचा जास्तीचा डेटा, पुढच्या दोन-तीन रिचार्जवर सूट, पोस्टपेड असेल तर काही महिने कमी भाडे, असे काहीबाही पुढे करतो.

या फोनपाशी मला थोडे थांबायचे आहे. मेसेज टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर नेमके काय बदलले? आपण तेच, आपला वापर तोच, घरावरून दिसणारा टॉवरही तोच. आपला फोन त्या टॉवरवर चालवायला कंपनीला येणारा खर्च एका पैशाने उतरलेला नाही. तरी भाव उतरला. म्हणजे सेवेच्या खर्चावरून तो ठरत असावा, ही आपली समजूत पुरेशी नव्हती. मधल्या काळात एकच गोष्ट घडली: आपण निघून जाऊ शकतो आणि जायचे मनात आणले आहे, हे कंपनीला कळले. मोबाइल कंपनीशी होणारी सगळी घासाघीस या एका गोष्टीवर उभी आहे. बोलण्यातले कौशल्य, आवाजातला चढ, 'मी दहा वर्षांचा जुना ग्राहक आहे' ही आठवण, यांना त्यानंतरची जागा आहे. जुनेपणाची आठवण तर उलटेच काम करते, कारण जो दहा वर्षे गेला नाही तो अकराव्या वर्षीही जाणार नाही, असाच तिचा अर्थ समोर लागतो.

आठवडी बाजारात वांग्यांचा भाव पटला नाही की आपण चार पावले पुढे जातो आणि मागून हाक येते. ते आपल्याला कुणी शिकवलेले नसते. मोबाइलच्या बाबतीत मात्र ती चार पावले टाकता यावीत म्हणून या देशाला पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. तो इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण आजची आपली ताकद कुठून आली ते त्यातच कळते.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेला फोन घेतला तरी पैसे कापले जात. आलेल्या फोनचे पैसे मे २००३ पासून बंद झाले. पुढे दर उतरत गेले, कंपन्या वाढल्या, एका गावात पाच-सहा नेटवर्कची सिम मिळू लागली. कागदावर ग्राहकाला निवड होती. पण ती निवड सिम पहिल्यांदा घेतानाची होती. एकदा नंबर मिळाला आणि तो दुकानाच्या पाटीवर रंगवला, लग्नपत्रिकेत छापला, शाळेत, सोसायटीत, गॅस एजन्सीत दिला, की पाय अडकला. कंपनी सोडायची तर नंबर सोडायचा. नंबर सोडायचा तर शंभर ठिकाणी नवा कळवायचा, आणि ज्या गिऱ्हाइकाने जुनाच नंबर वहीत लिहून ठेवला आहे ते गेलेच. प्लंबर, रिक्षावाला, मेस चालवणाऱ्या ताई, ज्यांचे पोटच नंबरवर आहे त्यांच्यासाठी हे जवळजवळ अशक्य होते. दर पटत नसला तरी भरायचा. कंपनीशी काय बोलणार? बोलून उपयोग व्हायचा तर हातात काही असावे लागते.

नंबर आपल्यासोबत नेण्याची सोय जगात पहिल्यांदा सिंगापूरने १९९७ मध्ये दिली. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली त्याचे नियम केले. मोठ्या शहरांत त्या वर्षाअखेर सुरुवात व्हायची होती, ती तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेवटी २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर ही सोय सुरू झाली. तीही आपापल्या सर्कलपुरती. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो आणि मुंबईचे सर्कल वेगळे आहे. नागपूरचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तर त्याला नागपूरचा नंबर तिथल्या सर्कलमध्ये नेता येत नसे. ती भिंत ३ जुलै २०१५ रोजी पडली. जाण्याचा खर्चही उतरला: पोर्टचा व्यवहार सुरुवातीला १९ रुपयांचा होता, आता तो ६ रुपये ४६ पैशांवर आला आहे.

हे सगळे तांत्रिक वाटेल, पण मला ते फार मोलाचे वाटते. नंबर कंपनीच्या मुठीतून सुटला तेव्हा आपल्याला भाव करण्याचा हक्क मिळाला. आज आधार, बँक, भविष्य निर्वाह निधी, मुलांच्या शाळेचे ॲप, सगळे त्या दहा आकड्यांना बांधलेले आहे. ही सोय नसती तर आज कंपनी सोडणे २००५ पेक्षा कितीतरी अवघड झाले असते.

आता त्या आठ खुणांच्या कोडकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून पोर्टची पद्धत बदलली. आपण १९०० ला मेसेज टाकला की मधली एक स्वतंत्र यंत्रणा आपल्या सध्याच्या कंपनीला विचारते: या ग्राहकाला तुमच्याकडे येऊन ९० दिवस झाले का, पोस्टपेड असेल तर बिल थकले आहे का, कराराची काही मुदत बाकी आहे का, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज पडून आहे का, नंबरावरून कोर्टात वाद चालू आहे का. सगळे ठीक असेल तरच कोड तयार होतो. तो चार दिवस चालतो, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे तीस दिवस. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलो, ओळखपत्र दिले, नवे सिम घेतले, तर त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर तिकडे जातो, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. आणि कोड घेऊन कुठेच गेलो नाही तर चार दिवसांनी तो आपोआप विरतो. आपले सिम चालू राहते, पॅक चालू राहतो, कशालाही धक्का लागत नाही.

म्हणजे कोड मागितला म्हणजे आपण गेलो असे होत नाही. पण तो मागितल्याचे कंपनीला कळते, कारण प्रश्न तिलाच विचारला गेलेला असतो. जाण्याची नुसती भाषा कुणीही करतो आणि ग्राहक सेवेच्या फोनवर ती दिवसात शेकडो वेळा ऐकली जाते. कोड हा त्या भाषेमागचा पुरावा. म्हणून ग्राहक सेवेला अर्धा तास समजावून जे मिळत नाही ते एका मेसेजनंतर आलेल्या फोनवर मिळू शकते. तो फोन करणाऱ्या माणसाकडे सूट देण्याचे अधिकार असतात, साध्या तक्रारीच्या फोनवर बसलेल्याकडे ते सहसा नसतात. देशात आता दर महिन्याला एक कोटीहून अधिक पोर्टचे अर्ज होतात. जाणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही, आणि ते कंपन्यांनाही ठाऊक आहे.

कंपनी सूट का देते, हेही तिच्या बाजूने बघायला हवे. २०२४ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी २३३ रुपये मिळत होते, जिओला १९५, व्हीआयला १५६ च्या आसपास. टॉवर उभे आहेत, स्पेक्ट्रमचे पैसे सरकारला दिलेले आहेत, माणसे नेमलेली आहेत. एक ग्राहक गेला म्हणून यातले काही कमी होत नाही, फक्त त्याचे दोनशे रुपये येणे थांबते. त्याच्या जागी नवा आणायचा तर जाहिरात आली, दुकानदाराचे कमिशन आले, सिमचा आणि कागदपत्रांचा खर्च आला. तेव्हा जाणाऱ्याला तीस-चाळीस रुपये सोडून थांबवणे कंपनीला परवडते. मात्र हे तीस-चाळीस रुपये ती सगळ्यांना सोडू शकत नाही, कारण मग तिचा उत्पन्नाचा पायाच खचेल. म्हणून ती दोन भाव ठेवते. छापील भाव जे गप्प आहेत त्यांच्यासाठी, आणि न छापलेला भाव जे दाराशी पोचले त्यांच्यासाठी.

हा दुसरा भाव आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. १९९९ चा दूरसंचार दर आदेश सांगतो की एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये कंपनीने भेदभाव करू नये आणि वर्ग पाडायचे तर तेही मनमानी नसावेत. दर किती असावा ते बहुतांशी कंपन्यांवर सोडलेले आहे, पण ठरवलेला दर ट्रायला कळवावा लागतो. मग निवडक ग्राहकांना आतल्या आत दिलेल्या सवलतींचे काय? फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रायने त्यांचीही माहिती मागितली. कंपन्यांनी हे आमचे व्यापारी गुपित आहे म्हणून विरोध केला, प्रकरण लवादापुढे गेले, तिथे ट्रायची बाजू टिकली नाही. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना ही माहिती ट्रायला द्यायला सांगितले.

माझे मत स्पष्ट आहे. न छापलेला भाव अन्यायाचा आहे. ज्याला मेसेज टाकायचा हे ठाऊक आहे त्याला सूट आणि ज्या आजीला रिचार्जसाठीसुद्धा नातवाची वाट पाहावी लागते तिला पूर्ण दर, यात न्याय कुठे आहे? तिची बिनतक्रार निष्ठा हीच तिच्या जास्तीच्या पैशांचे कारण बनते. पण हा अन्याय आहे म्हणून आपण सूट मागू नये, असे यातून निघत नाही. कंपनीने तो भाव आधीच ठरवून ठेवलेला आहे, आपण फक्त तो विचारतो आहोत. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण भाजीवाल्या मावशीकडे दोन रुपयांसाठी अडून बसणारी कितीतरी माणसे हजारो कोटींच्या कंपनीपुढे एक शब्द काढायला लाजतात.

मागायचे तर तयारी हवी. सगळ्यात आधी आपला वापर बघावा. कंपनीच्या ॲपमध्ये दिवसाला किती डेटा गेला ते दिसते. घरात वायफाय असलेली माणसे रोज दोन जीबीचा पॅक घेतात आणि त्यातले पाव-अर्धा जीबीही वापरत नाहीत, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. अशा वेळी कंपनीशी बोलण्याआधी आपल्याच पॅकशी भाव करायला हवा. खालचा पॅक घेऊन जे वाचते ते कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त आणि कायमचे असते. एवढे लक्षात ठेवावे की जुलै २०२४ नंतर जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरते ठेवले. त्यामुळे खाली उतरताना काय सुटते ते बघून उतरावे.

मग दिवसांचा हिशेब. 'महिन्याचा' म्हणून घेतलेला पॅक बहुधा २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक ३ जुलै २०२४ रोजी २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, तेव्हा वाढ ६० रुपयांची दिसली. तेराने गुणली की एका नंबरमागे वर्षाला ७८० रुपये, आणि घरात चार फोन असतील तर ३,१२० रुपये. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवायला लावला आहे. तो यादीत शोधावा लागतो, पण असतो.

वेळही महत्त्वाची. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीकडे उरलेले दिवस आणि बॅलन्स सोबत येत नाहीत. म्हणून पॅक संपायला आठवडा राहिला असताना कोड मागावा. दोन-चार दिवसांत फोन आला तर बोलता येते, नाही आला तर खरोखर जाता येते, आणि पैसेही वाया जात नाहीत. वर्षभराच्या पॅकविषयी मात्र माझ्या मनात दोन बाजू आहेत. दिवसाच्या हिशेबाने तो स्वस्त पडतो आणि दर वाढणार असतील तर वर्षभर जुना भाव बांधून देतो. जून २०२४ च्या अखेरीस दरवाढ जाहीर झाली तेव्हा ज्यांनी आधीच्या भावात लांबचे रिचार्ज करून घेतले त्यांचे चांगलेच वाचले. पण त्या वर्षात आपण कंपनीशी काहीही बोलू शकत नाही. जाण्याचा हक्क कायद्याने शाबूत असतो, पैशाने झोपवलेला असतो. नेटवर्क बिघडले, शेजारच्या कंपनीने दर उतरवले, तरी उरलेले महिने सोडून कोण जाईल? ज्याचे नेटवर्क भरवशाचे आहे त्यानेच वर्षाचा पॅक घ्यावा.

पोस्टपेडवाल्यांनी आधी थकबाकी शून्य करावी, नाहीतर कोडच मिळणार नाही. मग बिलातले सगळे रकाने वाचावेत. न मागितलेल्या एखाद्या सेवेचे पैसे लागत असतील तर १५५२२३ वर ती बंद करता येते. आणि फोन आला की दुसऱ्या कंपनीचा आपल्याला पसंत पडलेला नेमका प्लॅन, त्याचा भाव आणि त्यावर लागणारा १८ टक्के जीएसटी समोर ठेवून बोलावे. "महाग पडतंय" या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. "तिकडे इतक्यात इतके मिळते आहे, तुम्ही किती देता?" याला आकड्यातच उत्तर द्यावे लागते. पहिली सूट आली की थोडे गप्प राहावे, पुष्कळदा दुसरी पहिलीपेक्षा बरी असते. सूट किती महिने आणि त्यानंतर किती, हे विचारायचे आणि जे ठरले त्याचा एसएमएस मागायचा. तोंडी ठरलेली सूट पुढच्या बिलात दिसली नाही तर १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तक्रार सुटली नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि पलीकडच्या माणसाशी नीट बोलावे. तो बहुधा कुठल्यातरी कॉल सेंटरमध्ये, महिन्याला इतके ग्राहक थांबवलेच पाहिजेत अशा ओझ्याखाली बसलेला मुलगा किंवा मुलगी असते. दर त्याने वाढवलेले नाहीत. आपली ताकद चढ्या आवाजात नाहीच, मग आवाज चढवायचे कारण काय?

एक सावधगिरी. यूपीसी कुणालाही फोनवर सांगू नये, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. तो फक्त नव्या कंपनीच्या अधिकृत दुकानात, आपल्या हाताने द्यायचा. नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेला तर बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात. याच भीतीपोटी १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सगळे वेगळ्या रूपात भेटते. तिथे हँडसेटसकट चोवीस महिन्यांचे करार सर्रास होतात आणि करार संपता संपता कंपनीला फोन करून दर उतरवून घेणे ही जवळजवळ रीत आहे. तिथेही नंबर नेण्याचा कोड मिळवायला पूर्वी कंपनीलाच फोन करावा लागे आणि तो देण्याआधी मनधरणी ऐकून घ्यावी लागे. ज्यांना नाही म्हणायला जमत नसे ते तिथेच थांबत. १ जुलै २०१९ पासून ६५०७५ वर एक मेसेज टाकला की कोड लगेच येतो आणि तीस दिवस चालतो. बोलायचे की नाही हे आता ग्राहक ठरवतो. फेब्रुवारी २०२० पासून करार संपत आल्याचे आणि चांगला दर कोणता ते कळवणे कंपन्यांना भाग आहे. त्यांच्या नियामकाने हेच ओळखले होते की दाराची कडी कुणाच्या बाजूला आहे, यावर सगळे अवलंबून असते.

इथपर्यंत वाचून असे वाटेल की मेसेज टाकायला शिकलो की प्रश्न मिटला. तसे नाही, आणि या लेखाचे खरे काम इथून पुढे आहे.

जाण्याच्या तयारीला किंमत असते ती पलीकडे काहीतरी वेगळे असेल तोवर. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आली, दर कोसळले, आणि त्याच लाटेत कंपन्या बुडत, विकल्या जात, एकमेकींत मिसळत गेल्या. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. आता खासगी कंपन्या तीन उरल्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये, २०२१ च्या अखेरीस आणि २०२४ च्या जुलैमध्ये त्या तिन्हींनी थोड्याच दिवसांच्या अंतराने दर वाढवले. एकीला सोडून दुसरीकडे गेले तरी वाढ तिथेही उभी. जुलै २०२४ मध्ये लोकांना खरोखर वेगळा भाव दिसला तो एकाच ठिकाणी, सरकारी बीएसएनएलमध्ये. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक २९ लाखांनी वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. पण बीएसएनएलचे फोर-जी तेव्हा पुष्कळ ठिकाणी पोचलेले नव्हते, आणि काही महिन्यांत तो ओघ ओसरला. सह्याद्रीच्या कुशीतल्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या वाडीवर तर हाही प्रश्न नसतो. तिथे ज्याचा टॉवर त्याचेच सिम. त्या माणसाने कोड मागितला तरी तो घेऊन जाणार कुठे?

आणि कधी कधी दारच बंद होते. २०२१ च्या दरवाढीत एका कंपनीच्या सगळ्यात स्वस्त पॅकमधून एसएमएसची सोय काढलेली होती. म्हणजे ज्याला महाग पॅक परवडत नाही त्याला १९०० वर मेसेजच टाकता येईना. जायचे तर आधी वरचा पॅक घ्या! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सगळ्या कंपन्यांना बजावले की पॅक कुठलाही असो, पोर्टचा एसएमएस गेलाच पाहिजे. मला हा निर्णय दरांविषयीच्या कितीतरी मोठ्या आदेशांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. गरिबाच्या हातातली एकमेव ताकद त्याला परत मिळाली.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. एखादी संस्था बिघडली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे, आणि या दोन वाटा एकमेकींवर कसा परिणाम करतात हे त्यात मांडले आहे. त्याला हे सुचले नायजेरियाच्या रेल्वेवरून. उत्तरेकडचा भुईमूग बंदरापर्यंत शेकडो मैल न्यायला रेल्वे होती, तरी माल ट्रकने जाऊ लागला. स्पर्धा आली म्हणून रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती तशीच राहिली. तोटा सरकार भरून देत होते, म्हणून गिऱ्हाईक गेल्याचे तिला दुखत नव्हते. आणि ज्यांनी ओरडून तिला हलवले असते ते व्यापारीच सगळ्यांत आधी ट्रककडे गेले होते. मागे राहिले ते ज्यांचे ऐकायला कुणी नव्हते ते.

आपल्या मोबाइलच्या बाबतीत मला हेच घडताना दिसते. शहरातला जाणता, चार पॅकची तुलना करणारा ग्राहक कोड मागतो, सूट घेतो आणि शांत होतो. त्याची तक्रार त्याच्यापुरती मिटते. कंपनीच्या दृष्टीने हा उत्तम सौदा आहे: तीस-चाळीस रुपयांत एक बोलका माणूस गप्प झाला. वाडीवरचा माणूस, कीपॅडचा फोन वापरणारे म्हातारे आईवडील, यांच्यासाठी बोलणारा त्यात एक कमी होतो. म्हणून सूट घ्यावी, अवश्य घ्यावी, पण सूट मिळाली तरी दराविषयी बोलणे थांबवू नये. बोलण्याची जागाही आहे. ट्राय नवा नियम करण्याआधी सल्लामसलतीचा कागद प्रसिद्ध करते आणि त्यावर कुणीही, अगदी एकटा ग्राहकसुद्धा, लेखी मत पाठवू शकतो. कंपन्या आपली पानेच्या पाने पाठवतात. ग्राहक क्वचित पाठवतात.

जुलै २०२४ मध्ये असाच एक कागद आला. त्यातला एक प्रश्न साधा होता: ज्यांना इंटरनेट लागतच नाही, फक्त बोलायचे असते, त्यांना डेटाचे पैसे का भरायला लावायचे? २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम झाला. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक वेगळा पॅक द्यायचा, आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेता येईल. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. डेटा काढून टाकला तरी भाव फारसे उतरलेले नव्हते. लोक बोलू लागले, ट्रायने हे दर तपासू असे जाहीर केले, आणि काही दिवसांत किमती खाली आल्या. एअरटेलचा ८४ दिवसांचा पॅक ४९९ वरून ४६९ रुपयांवर आला. तीसच रुपये, पण या वेळी ते एकाच टॉवरच्या वाडीवर, १९०० हा आकडाही ठाऊक नसलेल्या माणसाचेसुद्धा वाचले.